ऑर्गनवरची ओल

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. परवा फोन केला होता, पण तू "हॅलो, हॅलो, लाइन खराब आहे" म्हणून ठेवून दिलास. लाइन खणखणीत होती. तेव्हा आपली पत्रंच बरी. निदान इथे तुला "काय? काय?" करता येणार नाही.

काम आहे म्हणून लिहितेय. तुझा जन्म सरकारी कचेरीत फायली हलवण्यात गेला आणि मी आता आमच्या चर्चच्या समितीची चिटणीस झाले आहे. म्हणजे बैठकीत "चिटणीस कोण होतंय?" असं विचारल्यावर सगळे आपापले बूट बघायला लागले आणि मी नेमकी वर बघत होते.

वर बघत होते, कारण वर ओल होती. मागच्या सज्ज्यात ऑर्गन आहे, त्याच्या बरोबर डोक्यावरची काही कौलं फुटली आहेत आणि दोन उतारांमधली पन्हळ खचली आहे. गवंडी म्हणतो, किरकोळ काम आहे. वर्गणी जमली आहे, गवंडी तयार आहे, शिडीसुद्धा आणून ठेवली आहे. घोडं अडलंय ते परवानगीपाशी. आमचं चर्च पडलं ऐतिहासिक. वारसा कार्यालयाला विचारल्याशिवाय एक कौल इकडचं तिकडे केलं तरी गुन्हा. आमचे हे म्हणाले, "मी गुपचूप चढून दोन कौलं बसवून येतो," तर फादरांनी शिडीलाच साखळी घालून कुलूप लावलं.

खरं सांगू का, मला कौलांचं काही नाही, मला सासूबाईंचं आहे. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून हा ऑर्गन त्या वाजवतात. माणसापेक्षा उंच नळ्यांचा, भिंतीतच बसवलेला. उचलून कोरड्या जागी नेता येत नाही. पाणी झिरपून त्याचं लाकूड फुगलंय. खर्जातले काही सूर गेलेच आहेत. ऑर्गन दुरुस्त करणारा कारागीर येऊन बघून गेला. म्हणाला, छप्पर कोरडं झाल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि आणखी एक पावसाळा असाच गेला तर हात लावायला काही उरणार नाही.

 त्या दिवशी घरी येताना सासूबाईंनी ऑर्गनच्या बाकावरची गादी काखेत मारून आणली. मी विचारलं, "आई, गादी कशाला आणलीत?" तर म्हणाल्या, "भिजेल." दादा, ती गादी आजवर कधी घरी आली नव्हती. आता त्यांच्या खोलीत खुर्चीवर ठेवली आहे आणि त्या तिच्यावर बसत नाहीत.

अर्ज कसा करायचा ते कळव. लवकर.

तुझी,
चिमणी


१२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. लाइन खराबच होती. असो.

सोबत अर्जाचा मसुदा पाठवतो आहे. तसाच उतरवून काढ, स्वतःची अक्कल घालू नकोस. मी "गळती" असं लिहिलंय, त्याचं "दुर्दशा" करू नकोस. दुर्दशा म्हटलं की कचेरी विचारते, दुर्दशा होईपर्यंत तुम्ही काय करत होता?

हाच मुद्दा पाहणीच्या दिवशीही लक्षात ठेव. पाहणीला येणाऱ्या माणसाला जागा गबाळी दिसली की तो पहिली ओळ लिहितो, "देखभालीत हयगय." एकदा ती ओळ पडली की पुढचा कागद कुणी वाचत नाही. तेव्हा चर्च आरशासारखं ठेवा. बाकं पुसा, कोळिष्टकं काढा, चहा चांगल्या कपांतून द्या. मी जन्मभर पाहण्या पाहिल्या आहेत. निम्मी पाहणी स्वागतातच होते.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगू नकोस. तुझ्या लग्नात, भरल्या चर्चमध्ये, मी तुझ्यासाठी स्तोत्र गात असताना दुसऱ्या कडव्याला त्या वाजवायच्या थांबल्या आणि मान वळवून म्हणाल्या, "हा कुठला सूर?" त्या दिवशीचे पाहुणे अजूनही कुठे भेटले की मला हेच विचारतात. तेव्हापासून मी तुमच्या गावचं तिकीट काढलेलं नाही आणि काढणारही नाही. त्यांचा ऑर्गन वाचावा असं मला वाटतं, पण ते तुझ्यासाठी.

जावईबापूंना शिडीपासून लांब ठेव.

तुझा,
दादा


३ मार्च

प्रिय दादा,

पाहणी झाली. अशी झाली की तू असतास तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

तुझा सल्ला मी समितीत वाचून दाखवला आणि आम्ही बायका नुसत्या तुटून पडलो. बाकांना तेल लावलं, खिडक्यांच्या काचा पुसल्या, दाराच्या कड्या घासून लख्ख केल्या. सज्ज्यात गळक्या जागी बादल्या ठेवलेल्या असतात, त्या कपाटात दडवल्या. ऑर्गनमागच्या भिंतीवर ओलीचा भलामोठा पिवळा नकाशा उमटला होता. समोरच्या शिंपीणबाईंनी घरून पांढरा रंग आणला आणि त्यावर दोन हात मारले. कोपऱ्यात तरी थोडं पिवळं दिसत होतं, तिथे फुलांची मोठी परडी ठेवली. फादर आत आले आणि दारातच थबकले. म्हणाले, "मी चुकून दुसरीकडे तर नाही आलो?"

निरीक्षक म्हणून एक तरुण बाई आल्या. पायात जाड बूट, हातात हा एवढा टॉर्च. त्यांनी प्रत्येक कोपऱ्यात उजेड टाकून पाहिला, अगदी बाकांच्या खालीसुद्धा, म्हणून आम्ही त्यांचं नाव टॉर्चबाई ठेवलंय. कुठे एक जळमट सापडलं असेल तर शपथ. शिंपीणबाईंची मान एवढी ताठ झाली होती की मला त्यांची काळजी वाटली.

मग सासूबाईंनी त्यांच्यासाठी वाजवलं. तुझा राग असू दे, पण ऐकायला हवं होतंस. मेलेले सूर कुणाला कळलेसुद्धा नाहीत. हल्ली त्या काय करतात, स्तोत्र वरच्या पट्टीत नेऊन वाजवतात. खर्जाचे सूर ऑर्गनला पायाने वाजवायचे असतात. त्यातला एखादा मेलेला आला की त्यांचा पाय अलगद पलीकडे पडतो, जसं आपण उंबऱ्यात झोपलेलं मांजर ओलांडतो. हे त्यांना, कारागिराला आणि मला सोडून गावात कुणाला माहीत नाही. टॉर्चबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "किती छान ठेवलंय हो तुम्ही हे वाद्य." सासूबाईंनी नुसती मान हलवली, पण घरी येताना त्या माझ्यापुढे चालत होत्या.

केक दोनदा घेतला बाईंनी. परवानगी आलीच समज.

तुझी,
चिमणी


१० मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. शाबास. चिटणीस असावी तर अशी.

एकच विचारायचं आहे. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात चहा आहे, केक आहे, फुलं आहेत, शिंपीणबाईंची मानसुद्धा आहे. गळती कुठे दिसली नाही. बाईंना ती दाखवलीत ना?

दाखवलीच असणार. तू काही इतकी ही नाहीस.

तुझा,
दादा


२९ मार्च

प्रिय दादा,

मी इतकी ही आहे.

तुझं पत्र आलं तेव्हाच चूक कळली होती, म्हणून उत्तर लिहिलं नाही. काल कार्यालयाचा कागद आला. "पाहणीत कोठेही ओल अथवा गळती आढळून आली नाही. भिंत सुस्थितीत आहे. वाद्य उत्तम स्थितीत आहे. दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही. सबब अर्ज नामंजूर."

बाईंनी विचारलं नव्हतं असं नाही. वर टॉर्च मारून त्या म्हणाल्या होत्या, "गळतं ते इथेच का?" आणि आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "तसं फार काही नाही हो." दादा, पाहुणा दारात आलेला असताना आपल्या घरचं भांडं फुटकं आहे असं सांगायला जीभ उचलत नाही. आम्ही परीक्षेला बसल्यासारख्या वागलो आणि आजारी म्हणून दाखवायला नेलेला पेशंट पावडर लावून उभा केला.

सासूबाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाल्या, "चांगलं वाजवल्याची शिक्षा." मग खोलीत गेल्या. मी थोड्या वेळाने डोकावले तर त्या गादीची शिवण उसवली होती ती शिवत बसल्या होत्या. घरातल्या कपाटात कायमची ठेवायची असल्यासारखी.

ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मी तशीच टेबलाशी बसले आणि टॉर्चबाईंना पत्र लिहिलं. तुझा मसुदा नव्हता, तेव्हा स्वतःची अक्कल घातली. लिहिलं की, "आपण येणार म्हणून आम्ही ओली भिंत रंगवली, बादल्या लपवल्या आणि फुलं ठेवली. आपल्याला जे वाजवून दाखवलं त्यात जे सूर नव्हते, ते आता ऑर्गनमध्येही नाहीत. आमची चूक आहे. कृपा करून पुन्हा या. या वेळी आम्ही काही आवरणार नाही." खाली सही केली, हुद्दा लिहिला, शिक्का मारला.

तुला आधी विचारणार होते. मग वाटलं, विचारलं तर तू नको म्हणशील. म्हणून पत्र पेटीत टाकून आले आणि मगच तुला लिहायला बसले.

तुझी,
चिमणी


५ एप्रिल

चिमणे,

तू काय करून बसली आहेस, तुला कल्पना आहे का?

एक कौल हलवायला परवानगी लागते त्या इमारतीची भिंत विनापरवानगी रंगवली, हे तू लेखी कळवलंस. सही करून. शिक्का मारून. आणि वर त्यांनाच या म्हणून आमंत्रण. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण आपणहून आपल्या पायावर धोंडा मारून तो टपालाने पाठवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मनात आणलं तर दंड सोडाच, चौकशी होईपर्यंत चर्चला टाळं लावतील. मग तुझ्या सासूबाईंना निदान उरलेले सूर तरी वाजवता आले असते, तेही गेले.

हे लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता पुन्हा उचललं आहे.

स्वागताचा सल्ला माझा होता. ते तू त्या पत्रात लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

मी यात काही करू शकेन असं समजू नकोस. मी आता कुणी नाही, आणि मला इथे फार कामं आहेत. त्या कार्यालयाचं मुख्यालय माझ्या घराजवळच्या चौकात आहे, सकाळी बागेत जाताना वाटेत लागतं, एवढंच.

काय होईल ते कळव.

तुझा,
दादा


२२ एप्रिल

प्रिय दादा,

टॉर्चबाई येऊन गेल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "तुमचे बंधू रोज सकाळी आमच्या मुख्यालयात बाकावर येऊन बसतात. कुणी काय काम आहे विचारलं की म्हणतात, काही नाही, सहज बसलोय, बहीण त्या गळक्या चर्चची चिटणीस आहे एवढंच. साहेब वैतागले. मला म्हणाले, जा बाई, एकदाचं ते चर्च बघून ये." तुला फार कामं होती ना रे? मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं.

आता सगळं क्रमाने सांगते.

न आवरणं हे आवरण्यापेक्षा अवघड असतं. आदल्या दिवशी मी दाराशी पहारा दिला. शिंपीणबाई दोनदा फडकं घेऊन शिरायला बघत होत्या, ते मी काढून घेतलं. बादल्या होत्या तिथे मांडल्या. भिंतीवरच्या रंगातून ओल पुन्हा पिवळी उमटलीच होती. आणि त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, उद्या ऑर्गन आहे तसा वाजवाल का? काही न टाळता?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "परक्या माणसासमोर मी बेसूर वाजवू? ज्या बाकावर बसून तुझ्या भावाला भर लग्नात थांबवलं, त्याच बाकावर बसून? त्यापेक्षा बंद पडू दे." मी हात टेकले. झोपताना ह्यांना म्हटलं, संपलं सगळं.

टॉर्चबाईंनी भिंत नखाने खरवडली, गिलावा हातात आला. छपराकडे बघून त्यांनी टिपून घेतलं. पण मग त्या थांबल्या. म्हणाल्या, "भिंतीचं मी लिहीन. पण डाग जुना असू शकतो, साहेब तेच म्हणतील. नुकसान चालू आहे हे दाखवायला हवं. आणि वाद्य उत्तम आहे असं तर मीच लिहून बसले आहे, माझ्या कानांनी ऐकून. ते आता कशाच्या जोरावर फिरवू?"

 फादर माझ्याकडे बघायला लागले आणि मी जमिनीकडे. तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज आला.

सासूबाई जाऊन बसल्या होत्या. गादी नव्हती, नुसत्या लाकडावर. आणि दादा, त्यांनी तेच स्तोत्र काढलं, माझ्या लग्नातलं. सूर गेल्यापासून त्यांनी ते वाजवलं नव्हतं, कारण त्याला खर्ज पुरा लागतो. तेच, आणि त्याच्या मूळ पट्टीत.

पहिल्याच ओळीला खाली नुसती हवा फुसफुसली. पुढे एक सूर लागला तो घसा बसल्यासारखा, आणि एक जो अडकला तो उठेचना, सगळ्या कडव्यावर भोंग्यासारखा वाजत राहिला. मी शेजारीच उभी होते, मला त्यांचे पाय दिसत होते. सवयीने पाय पलीकडे जायला लागला की त्या तो मागे ओढून आणत होत्या आणि बरोबर मेलेल्या सुरावर ठेवत होत्या. कान लाल झाले होते. शिंपीणबाईंनी तोंड फिरवलं. ज्या बाईच्या नाकावर माशी बसत नाही, ती परक्या बाईसमोर स्वतःची फजिती ओळीओळीने, कडव्याकडव्याने वाजवत होती, आणि मध्ये थांबली नाही. मला त्या वेळी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आजवर कुणाचाच वाटला नाही, तुझासुद्धा नाही.

संपल्यावर टॉर्चबाई ऑर्गनच्या मागे शिरल्या. आत हात घातला. दोन दिवसांपूर्वी वळवाची एक सर येऊन गेली होती. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत ओला आणि काळा. तो हात तसाच धरून त्यांनी विचारलं, "गेल्या खेपेला हे का नाही वाजवलंत?"

सासूबाई म्हणाल्या, "गेल्या खेपेला तुम्ही पाहुण्या होतात."

बाईंनी उभ्या उभ्याच लिहायला घेतलं. चहा मागितला, तो आम्ही टवका उडालेल्या मगातून दिला. आता वाट बघायची.

तुझी,
चिमणी


३० एप्रिल

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. तो बाक सावलीत आहे म्हणून मी तिथे बसत होतो. लोकांना काहीही वाटतं.

अजूनही बसतो. परवा साहेबांनी आतून चहा पाठवला. फाइल कुठल्या टेबलावर आहे ते चहा आणणाऱ्याने सांगितलं. सरकते आहे.

त्यांनी खरंच तेच स्तोत्र वाजवलं? दुसरं कडवंसुद्धा? तिथे थांबल्या नाहीत?

नमस्कार सांग हवं तर. मोठा नको, साधाच.

तुझा,
दादा


२४ जून

प्रिय दादा,

मंजूर. मंजूर. मंजूर. परवानगी आली त्या दिवशी तुला तार करावी तसं एका ओळीचं कार्ड टाकलं होतं, आता सविस्तर.

तो कागद मी आधी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला, मग अंगणात, मग शिंपीणबाईंच्या दुकानात, तिथे दोन गिऱ्हाइकं मापं द्यायची सोडून उभी राहिली. फादरांनी वेळ नसताना घंटा वाजवली. लोक काय झालं, कोण गेलं म्हणून धावत आले आणि कळल्यावर तिथेच मिठ्या मारायला लागले. अटी तीन: कौलं त्याच घडणीची, गिलावा चुन्याचाच, सिमेंटचा ठिपकाही नको. आणि शेवटची टॉर्चबाईंनी स्वतः घातलेली असणार, दुसरं कुणी असं लिहिणार नाही: "समितीच्या सदस्यांनी लावलेला पांढरा रंग सदस्यांनी स्वहस्ते काढावा." दंड म्हणून एवढंच. आम्ही सगळ्या खरवडण्या घेऊन बसलो. शिंपीणबाई गात गात खरवडत होत्या. रंग लावताना एवढी मजा आली नव्हती.

फादरांनी शिडीचं कुलूप काढलं तेव्हा ह्यांनाच पहिल्या पायरीवर उभं केलं. दोनच पायऱ्या चढू दिलं, पण फोटो काढला. गवंड्याने पन्हळ नीट केली, कौलं बसवली. टॉर्चबाई मध्ये एकदा येऊन चुना चाखल्यासारखा बोटाने बघून गेल्या.

परवा दुपारी असा पाऊस झाला की समोरचं घर दिसेना. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण मी छत्री घेऊन सज्ज्यात पोहोचले तर सगळ्या आधीच तिथे. बादली मधोमध ठेवून आम्ही तिच्याभोवती बसलो आणि वर बघत राहिलो. पाऊस कौलांवर बडवत होता आणि बादलीत काही पडत नव्हतं. बराच वेळ झाल्यावर शिंपीणबाई उठल्या आणि त्यांनी आपली निथळती छत्री त्या बादलीत उभी केली. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या छत्र्या तिच्यात ठेवल्या.

सासूबाई भिंतीला तळहात लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "कोरडी आहे." माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून. त्या मला कधी शाबास म्हणत नाहीत, तुला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी कारागिराला त्यांनी स्वतः निरोप धाडला. तो आता रोज नळ्या काढून पुसतोय. गादी मात्र अजून घरीच आहे. म्हणतात, आधी सूर येऊ देत.

तुझी,
चिमणी


२ ऑगस्ट

चिमणीच्या दादांस,

नमस्कार. सुनेला न सांगता लिहिते आहे.

ऑर्गन पुरा झाला. आता एकही सूर मेलेला नाही. येत्या तिसऱ्या रविवारी सगळ्यांसमोर वाजवायचा आहे. स्तोत्र तेच, तुमच्या बहिणीच्या लग्नातलं. त्याला गाणारा लागतो.

त्या दिवशी तुम्ही बेसूर होतात. ते मी मागे घेणार नाही. पण तुम्ही मोठ्या आवाजात आणि मनापासून बेसूर होतात, आणि या ऑर्गनसमोर आता मोठाच आवाज टिकेल. तुम्ही कुठल्याशा बाकावर बसून राहिलात ते मला कळलं आहे. मीही जन्मभर बाकावर बसूनच काम केलं आहे.

तिकीट काढा. गादी परत नेली आहे.

चिमणीच्या सासूबाई


२५ ऑगस्ट

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोहोचलो. तुझ्या शिंपीणबाईंनी बांधून दिलेला केक गाडीतच संपला.

आधी एक कबूल करतो. लाइन कधीच खराब नव्हती. तुमच्याकडे यायच्या आधी कानाला यंत्र बसवून घेतलं. तू ते पाहिलंस आणि काही बोलली नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. आता फोन केलास तरी चालेल. पत्रं बंद करू नकोस मात्र.

तू खाली दाराशी टॉर्चबाईंजवळ उभी होतीस, म्हणून वर सज्ज्यात काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मला सांगितलं पाहिजे.

पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याला मी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच. भरलं चर्च श्वास रोखून बसलं होतं, आणि मला वाटलं, झालं, आता पुन्हा मरेपर्यंत लोक मला हेच विचारणार. त्यांनी मान वळवली. पण या वेळी फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "घाई करू नका. श्वास घ्या, मी आहे." आणि मला सूर दिला. मग मी जे गायलो ते तू ऐकलंस. खाली लोक हसले तेव्हा मीही हसत होतो आणि हसतच सुरात आलो. आयुष्यात पहिल्यांदा.

शेवटच्या ओळीला त्यांनी तो सगळ्यात खालचा सूर लावला, जो मेला होता. तो मला आधी पायांना कळला, मग बाकाला धरलेल्या हाताला, आणि कानात सगळ्यात शेवटी शिरला. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "आईंनी शेवटी फारच ताणलं, मला वाटलं सूर पुन्हा अडकला की काय." फादरही तेच विचारत होते. शिंपीणबाई तर घाबरून वर बघायला लागल्या होत्या.

अडकला नव्हता. माझं गाणं संपलं तरी त्यांनी पाय उचलला नाही. माझ्याकडे न बघता, समोरच्या नळ्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "हा सूर माझ्या सुनेने परत आणला. तिला पुरता ऐकू दे."

तुला सांगणार नाहीत म्हणून मी सांगितलं.

तुझा,
दादा